काय काम काढलंत?

चुलीवर भाजी असेल तर असू दे, हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

यंदा ३ जानेवारीला आमच्या गटाच्या अकरा जणी नायगावला जाऊन आलो. नायगाव म्हणजे सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव, सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. सकाळी स्टँडवर एसटीची वाट बघत उभ्या होतो, तेवढ्यात गावातले एक वडीलधारे भेटले. म्हणाले, "एवढ्या सगळ्या जणी? काय काम काढलंत?" आमच्यातली एक चटकन म्हणाली, "मीटिंग आहे, तालुक्याला." मीटिंग काही नव्हती. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "खोटं कशाला बोललीस गं?" ती म्हणाली, "ताई, फिरायला चाललोय म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं."

हा प्रश्न दिवसभर माझ्या डोक्यातून गेला नाही. गडी माणूस बाहेर पडला तर त्याला कोणी काम विचारत नाही. बाईला मात्र कारण सांगावं लागतं. हे आजचं नाही, याला मोठा इतिहास आहे. आज तोच सांगते.

नायगावात सावित्रीबाईंचं घर जपून ठेवलंय. त्यांचा जन्म १८३१ चा, लग्न १८४० साली, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई शिकवायला जाऊ लागल्या. वाटेत लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे, म्हणून त्या जास्तीचं लुगडं सोबत ठेवायच्या, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. पण त्या घरात उभं राहिल्यावर मला वेगळंच जाणवलं. त्या काही परमुलखात निघाल्या नव्हत्या. पुण्यातल्या पुण्यात, घरापासून शाळेपर्यंत जायचं होतं. तेवढी वाट चालण्यासाठी एका बाईला एवढं सोसावं लागलं. लोकांना जसं मुलींचं शिकणं खुपलं, तसं बाईचं रोज रस्त्यानं जाणंही खुपलं असणार.

दुसरी गोष्ट आनंदीबाई जोशी यांची. १८८३ साली त्या डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या. वय अठरा. नवरा बरोबर नव्हता. निघण्याआधी बंगालमध्ये श्रीरामपूरला त्यांनी लोकांसमोर भाषण केलं. विषय काय, तर मी अमेरिकेला का जाते. एकेक आक्षेप घेऊन त्यांनी उत्तर दिलं. मग ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. बघा, तिथंही तोच प्रश्न, काय काम काढलंत? फरक एवढाच, की त्यांनी खरं कारण भर सभेत सांगितलं.

तुम्ही म्हणाल, ही मोठ्या बायकांची गोष्ट झाली. साध्या बायका काय घरातच बसून होत्या? नाही. आपल्या आज्या-पणज्या पुष्कळ चालल्या आहेत. पंढरीची वारी केली, जत्रेला गेल्या, डोक्यावर पाटी घेऊन बाजार केला. पण प्रत्येक वाटेला कारण ठरलेलं होतं. देव, बाजार, बाळंतपण, मयत. माहेरी जायचं तर मुराळी यायला हवा. भाऊ न्यायला आला नाही तर पंचमीचा सण सासरीच. वाट पायाखालची, पण निघायचं कधी ते दुसऱ्यानं ठरवायचं.

पुढे रेल्वे आली. १८९० च्या रेल्वे कायद्यात लिहिलं गेलं, की प्रवाशांच्या प्रत्येक गाडीत सगळ्यात खालच्या वर्गाचा निदान एक डबा बायकांसाठी राखून ठेवावा. सगळ्यात खालच्या वर्गाचा, हे लक्षात घ्या. म्हणजे साहेबांच्या मडमांपुरता विचार नव्हता, गरीब बाईही प्रवास करते हे सरकारला मान्य करावं लागलं होतं.

पण रेल्वे आपल्या दारात येत नाही. दारात आली ती एसटी. १ जून १९४८ ला पुणे ते नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एसटी धावली. त्याआधी खाजगी मोटारी होत्या. एसटीमुळे ठरलेली वेळ आली, ठरलेलं भाडं आलं, तिकीट देणारा सरकारी माणूस आला. माझ्या आजेसासूबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, त्या सांगतात, "आमच्या फाट्यावर एसटी थांबायला लागली आन् माझा भाऊ म्हणाला, आता मी न्यायला येत नाही, कंडक्टरला सांगून ठेवतो, तू बसून ये." आक्का पहिल्यांदा एकटीनं माहेरी गेल्या त्या अशा. मुराळ्याचं काम कंडक्टरनं केलं!

आता आजचं बोलू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून प्रवास मोफत आहे. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळजवळ १५ टक्के वाढलं, तरी आपल्याला त्याचं अर्धंच पडतं. यावर पारावर काय बोलतात ते तुम्हीही ऐकलं असेल. "अर्ध्या तिकिटात बायका नुसत्या फिरायला लागल्यात." मी म्हणते, फिरल्या तर फिरल्या. कितीतरी पिढ्यांचं फिरणं राहिलंय आपलं.

पण मैत्रिणींनो, तिकीट अर्धं असून भागत नाही, गाडी पूर्ण यावी लागते. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. कामगारांची दुखणी खरी होती, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण तेव्हा कळलं, की गाडी बंद पडली की आधी मुलींची शाळा बंद पडते. आमच्या गावाची संध्याकाळची फेरी मागच्या वर्षी अशीच बंद झाली. गटातल्या एका ताईंची मुलगी अकरावीत. दप्तरात मोफत पास, आणि परत यायला गाडी नाही. रोज वडापला वीस रुपये आणि फाट्यापासून अंधारातली वाट. वडील म्हणाले, "बास झालं, घरी बस." दहा दिवस पोरगी घरी होती.

आम्ही अर्ज दिला. उत्तर आलं, प्रवासी कमी आहेत. मग आम्ही बचतीच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर पंधरा दिवस नोंद ठेवली. रोज संध्याकाळी एकीनं फाट्यावर उभं राहायचं आणि वडापनं किती मुली, किती बाया उतरल्या ते लिहायचं. एकाही दिवशी अठराच्या खाली आकडा आला नाही. ती पानं आणि ग्रामसभेचा ठराव जोडून पुन्हा अर्ज दिला. आता दोन महिन्यांसाठी फेरी सुरू झाली आहे. गाडी रिकामी गेली तर परत बंद होणार. ती मुलगी कॉलेजला जायला लागली आहे. म्हणून सांगते, घाई आहे म्हणून वडापला हात करू नका. दहा मिनिटं थांबा, एसटीत बसा आणि तिकीट मागून घ्या. आपलं तिकीट हीच आपली मोजणी.

तुमच्या गावची फेरी बंद असेल तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. हप्ते, कर्ज, सही झाली की दहा मिनिटं यासाठी ठेवा. अर्जाआधी नोंद करा, ती उपयोगी पडते.

जाता जाता एक सांगते. आम्ही नायगावहून आलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आक्का नवीन लुगडं नेसून फाट्यावर उभ्या. वय ऐंशी. तेच वडीलधारे गृहस्थ तिथं होते. त्यांनी विचारलं, "आक्का, काय काम काढलं?"

आक्का म्हणाल्या, "काम कसलं? बहिणीला बघावंसं वाटलं, चालले."

आणि गाडी आल्यावर चढून बसल्या.