तळटीप : पॉसम गुणांक

* पॉसम गुणांक : शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावण्याची वा गुंतागुंत उद्भवण्याची शक्यता टक्क्यांत मांडणारी पद्धत. इंग्लंडमधील कोपलंड, जोन्स आणि वॉल्टर्स यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. वय, नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, युरिया, ईसीजी अशा १२ बाबी रुग्णाच्या प्रकृतीच्या. रक्तस्राव, पोटात पसरलेला पू वा मळ, कर्करोग, तातडी अशा ६ बाबी शस्त्रक्रियेच्या. बिघाडाच्या प्रमाणात प्रत्येक बाबीला १, २, ४ किंवा ८ गुण. म्हणजे ठणठणीत माणसालाही १२ आणि ६ गुण पडतातच, आणि ते सूत्रात घातले की मृत्यूची शक्यता १.०८ टक्के निघते. साध्या हर्नियासाठी हा आकडा फारच मोठा. अपेक्षित मृत्यू असे फुगल्यामुळे सुमार कामगिरीही कागदावर उजळ दिसे. पोर्टस्मथच्या गटाने सूत्र नव्याने बसवून ‘पी-पॉसम’ (१९९८) आणले. त्यात हाच किमान आकडा सुमारे ०.२ टक्क्यांवर उतरला. रक्तस्रावासारख्या बाबी टेबलावरच कळतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी सांगितलेला आकडा काही अंशी अदमासच असतो. पद्धतीचा मूळ हेतू कामाची रास्त तुलना हा होता : मृत्यू किती अपेक्षित होते, झाले किती. ‘दहा टक्के’ म्हणजे तशा शंभर रुग्णांपैकी सुमारे दहा. समोरचा रुग्ण त्या दहांत आहे की नाही, हे गुणांक सांगत नाही. — संपा.