काळे पडणारे तेल : जुन्या ट्रॅक्टरच्या वंगणाची कहाणी

ट्रॅक्टरच्या इंजिनात कोणते तेल घालावे, हा प्रश्न सुरुवातीला फक्त जाडीचा होता. 1917 साली हेन्री फोर्डचा फोर्डसन शेतात उतरला, तेव्हा त्याच्या इंजिनाला तेलाचा पंपही नव्हता. फिरत्या भागांनी उडवलेल्या शिंतोड्यांवरच बेअरिंगांचे वंगण भागत असे. खनिज तेल शुद्ध करून जवळपास जसेच्या तसे डब्यात भरले जाई. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने (एसएई) तेलांना घट्टपणानुसार क्रमांक दिले आणि 20, 30, 40 हे आकडे रूढ झाले. हा क्रमांक जाडी सांगतो, प्रत सांगत नाही. दुकानात ‘चाळीस नंबर’ मागणारे गिऱ्हाईक आजही या दोन गोष्टींची गल्लत करते.

जाड तेलाचा आग्रह मात्र निराधार नव्हता. त्या काळचे बरेच ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करून, इंजिन तापल्यावर रॉकेलसारख्या स्वस्त इंधनावर चालवले जात. 1946 पासून इंग्लंडात कॉव्हेंट्रीला तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-20 चाही असा एक प्रकार होता. इंजिन पुरेसे तापलेले नसले की न जळालेले इंधन पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली झिरपे आणि इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधले तेल पातळ करी. गेजकाडीवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढे. इंजिन तेल खात नाही म्हणून मालक खूश असे आणि तेवढ्यात बेअरिंगे झिजत. अशा इंजिनाला मुळातच थोडे जाड तेल घालणे आणि ते लवकर बदलणे, हाच उपाय होता.

डिझेलने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. कॅटरपिलर कंपनीने 1931 मध्ये डिझेल ट्रॅक्टर बाजारात आणला आणि लवकरच रिंगा चिकटण्याच्या तक्रारी येऊ लागल्या. डिझेलच्या ज्वलनातून निघणारी काजळी आणि उष्णतेने तेलाचा होणारा राळेसारखा थर पिस्टनच्या खाचांत बसे. रिंग हलेनाशी झाली की दाब गळे, तेल जळे, धूर वाढे. तेल कितीही जाड किंवा शुद्ध असले तरी यातून सुटका नव्हती. 1935 मध्ये स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने धुलाई करणारे रसायन मिसळलेले ‘डेलो’ तेल आणले. असे रसायन पिस्टनवर थर बसू देत नाही, आम्ल मारते आणि काजळीचे कण तेलातच तरंगत ठेवते. त्यामुळे हे तेल थोड्याच तासांत काळे होते. साध्या तेलाच्या जमान्यात काळेपणा ही तेल संपल्याची खूण मानली जाई. नव्या तेलात तोच काळेपणा तेल काम करत असल्याची खूण ठरला. जुनी समजूत मात्र हटली नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने अशा तेलांसाठी स्वतंत्र मानक ठरवले. पुढे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने (एपीआय) प्रतीची वर्गवारी सुरू केली : 1947 मध्ये तीन वर्ग, 1952 मध्ये डीजी, डीएम, डीएस यांसारखी अक्षरे आणि 1970 च्या सुमारास सीसी, सीडी ही डिझेलची मालिका. म्हणून जुन्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतले अक्षर आजच्या डब्यावर अनेकदा सापडत नाही. सीडी मागणाऱ्या इंजिनाला सीएच-4 किंवा सीआय-4 चालते, कारण ते जुन्या वर्गाची जागा घेऊ शकते.

भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन 1959 मध्ये फरिदाबादला आयशरने सुरू केले. मुंबईत कांदिवलीला महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांचा बी-275 1960 च्या दशकात तयार होऊ लागला. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला डिझेल इंजिन मात्र त्याआधीपासून माहीत होते : 1946 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची यंत्रे विहिरीवर पाणी उपसत होती. त्या इंजिनाची तेलाची सवय ट्रॅक्टरलाही लागली. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात तेल फार पातळ होऊ नये, म्हणून एकाच क्रमांकाचे जाड तेल पसंत केले जाई. इंडियन ऑइलने 1972 मध्ये ‘सर्वो’ हे नाव बाजारात आणले. 20डब्ल्यू-40 आणि 15डब्ल्यू-40 ही थंडीत पातळ राहून उष्णतेत घट्टपणा टिकवणारी तेले आल्यावर ऋतूनुसार तेल बदलण्याची गरज उरली नाही.

तेल बदलण्याच्या रीतीत या इतिहासाचे ठसे दिसतात. इंजिन चालवून गरम असतानाच बूच काढतात, कारण तरंगणारी काजळी तेलाबरोबरच बाहेर पडते. थंड इंजिनात ती तळाशी बसते. अनेक भारतीय ट्रॅक्टरांसाठी साधारण 250 तासांची मुदत सांगितली जाते, पण जुन्या यंत्रांवरचा तासमापक इंजिनाच्या फेऱ्यांवर चाले, त्यामुळे मंद गतीने चाललेला तास मीटरवर पूर्ण भरत नसे. तेलाच्या एअर क्लीनरची वाटी त्याच वेळी धुऊन भरायची असते. धुळीच्या कामात तिला एवढी दीर्घ मुदत देऊन चालत नाही.

वर्षानुवर्षे साध्या तेलावर चाललेल्या इंजिनात धुलाईचे तेल एकदम घातले, तर बसलेला गाळ सुटून पंपाच्या जाळीवर येतो आणि तेलाचा दाब पडतो. अनुभवी मिस्त्री आधी चेंबर उतरवून जाळी साफ करतो, नवे तेल भरतो आणि तेलाचा पहिला बदल नेहमीच्या मुदतीच्या बऱ्याच आधी करतो. फिल्टर तेव्हाच बदलावा लागतो. जुन्या इंजिनांत तेलाचा थोडाच भाग फिल्टरमधून जाई, नंतरच्या इंजिनांत सगळे तेल त्यातून जाते. दोन्ही प्रकारांत फिल्टर तुंबला की तेल गाळले न जाताच फिरते.

काढलेले जळके ऑइल वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासण्याची पद्धत गावोगाव आहे. त्यात काजळीबरोबर झिजलेल्या धातूचे कण असतात, म्हणून विहिरीजवळ किंवा बांधावर ते ओतणे घातक. कायद्याने वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे.