मॉन्टी पायथन : एका विनोदी मालिकेच्या अखंडत्वाची कथा

इ. स. १९७५ च्या डिसेंबर महिन्यात न्यूयॉर्क येथील न्यायालयात एका दाव्याची सुनावणी झाली. न्यायाधीश मॉरिस लास्कर यांच्यापुढे एकच विनोदी कार्यक्रम दोन रूपांत दाखविण्यात आला : एकदा लेखकांनी इंग्लंडात सिद्ध केला तसा, आणि एकदा अमेरिकेतील एबीसी या प्रक्षेपण-कंपनीने कापून जोडला तसा. कोणत्या रूपाने हसू येते आणि कोणत्या रूपाने येत नाही, हाच जणू पुराव्याचा विषय होता. वादी होते ‘मॉन्टी पायथन’ या नावाने ओळखले जाणारे सहा लेखक-नट. त्यांपैकी मायकेल पेलिन आणि टेरी गिलियम हे दोघे साक्षीसाठी लंडनहून आले होते. त्यांच्या मागण्याचा सारांश एवढाच की, आमचे लेखन दाखवावयाचे तर सबंध दाखवावे. तोडून दाखवावयाचे असेल तर ते आमचे म्हणून दाखवू नये.

प्रहसनांच्या एका मालिकेसाठी एवढा हट्ट कशाला, असे कोणासही वाटेल. त्या हट्टाचे कारण या मालिकेच्या घडणीतच सापडते, आणि ती घडण समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे.

या विनोदाचे एक मूळ शोधू गेल्यास वाट चक्क अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, येऊन पोहोचते. स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी तेथील लष्करी वस्तीत झाला. वडील ब्रिटिश सैन्यात नोकरीस होते. मुलाचे बालपण पुणे आणि रंगून येथे गेले. याच मिलिगन यांनी १९५१ ते १९६० या काळात बीबीसीच्या नभोवाणीवर ‘द गून शो’ हा कार्यक्रम मुख्यत्वे आपल्या लेखणीने चालविला आणि इंग्रजी विनोदाची चाकोरी मोडली. पुढे १९६९ च्या मार्चमध्ये ‘क्यू ५’ ही त्यांची दूरचित्रवाणी-मालिका सुरू झाली. तीत एखादा प्रवेश रंगात आला की मध्येच सोडून दिला जाई. नटांच्या अंगावरच्या पोशाखाला भांडारातील चिठ्ठी तशीच लोंबत राही. शेवटी टाळ्या घेणारे वाक्य असलेच पाहिजे, हा प्रहसनाचा जुना नियम मिलिगन यांनी सरळ धाब्यावर बसविला. त्याच वेळी नव्या मालिकेची जुळवाजुळव करीत असलेले टेरी जोन्स आणि मायकेल पेलिन यांनी ती पाहिली, आणि आपल्या मनातील कल्पना दुसऱ्याने आधीच करून दाखविली म्हणून ते हिरमुसले. तथापि त्यांनी शहाणपणा केला तो असा की, ‘क्यू ५’चे दिग्दर्शक इयान मॅकनॉटन यांनाच आपल्या मालिकेकडे ओढून घेतले.

सहा जणांपैकी ग्रॅहम चॅपमन, जॉन क्लीझ आणि एरिक आयडल हे केंब्रिजचे. जोन्स आणि पेलिन ऑक्सफर्डचे. चॅपमन यांनी वैद्यकाचे शिक्षण पुरे केले होते, क्लीझ यांनी कायद्याचे, पेलिन यांनी इतिहासाचे. केंब्रिजमधील ‘फूटलाइट्स’ ही १८८३ साली स्थापन झालेली विद्यार्थ्यांची नाट्यसंस्था त्या तिघांची खरी पाठशाळा. हे पाचही जण १९६६ च्या सुमारास डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या कार्यक्रमासाठी लिहीत असत. सहावे गिलियम हे अमेरिकेत जन्मलेले चित्रकार. बीबीसीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना पहिल्या बैठकीत विचारले की, कार्यक्रमात संगीत असेल काय, पाहुणे कलावंत येतील काय, त्याचे स्वरूप काय? एकाही प्रश्नास धड उत्तर देता आले नाही, आणि तरीही तेरा भाग पदरात पडले, असे क्लीझ यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. आज कोणत्याही कचेरीत असा अर्ज पहिल्या पायरीवरच परत येईल!

५ ऑक्टोबर १९६९ रोजी, रविवारी रात्री उशिरा, ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’चा पहिला भाग प्रक्षेपित झाला. मॉन्टी पायथन नावाचा कोणी गृहस्थ नव्हता आणि सर्कसही नव्हती. आरंभीचे वाद्यसंगीत अमेरिकन संगीतकार सूसा यांच्या १८९३ च्या एका संचलनगीताचे. शीर्षकचित्राच्या अखेरीस सर्व काही चिरडणारा जो प्रचंड पाय खाली येतो, तो लंडनच्या राष्ट्रीय चित्रालयातील ब्राँझिनो या सोळाव्या शतकातील चित्रकाराच्या चित्रातून गिलियम यांनी कापून घेतलेला आहे.

लेखनाची रीत ठरलेली होती. क्लीझ आणि चॅपमन जोडीने लिहीत, पेलिन आणि जोन्स जोडीने, आयडल एकटे, गिलियम आपली कात्री आणि रंग घेऊन वेगळे. मग सर्वांनी एकत्र बसून आपापले लेखन मोठ्याने वाचावयाचे. बाकीचे हसले तर प्रवेश राहिला, न हसले तर गेला. मृत पोपटाच्या सुप्रसिद्ध प्रवेशाचा जन्म या रीतीचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. पेलिन यांना मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचा अनुभव आला होता. गाडीत दोष आहे ही गोष्ट तो गृहस्थ काही केल्या मान्य करीत नसे. त्यावरून चॅपमन आणि क्लीझ यांनी १९६८ साली मोटारविक्रेत्याचा एक प्रवेश लिहिला. पुढे मोटारीच्या जागी पोपट आला. अर्ध्या तासापूर्वी विकत घेतलेला पोपट मेलेला आहे, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक दुकानात येते, आणि दुकानदार शांतपणे सांगतो की, तो विश्रांती घेत आहे. गिऱ्हाईक क्लीझ, दुकानदार पेलिन. ७ डिसेंबर १९६९ च्या भागातील हा प्रवेश कशाने संपतो? कशानेही नाही. चॅपमन लष्करी अधिकाऱ्याच्या वेषात येऊन, हा मूर्खपणा फार झाला, म्हणून तो बंद पाडतात.

येथेच मुख्य मुद्दा आहे. प्रवेशांना शेवट नसल्यामुळे एक प्रवेश दुसऱ्यात मिसळतो. मध्ये गिलियम यांची कागदी कात्रणांची चलच्चित्रे दोहोंना सांधतात. पहिल्या पाच मिनिटांत दिसलेला माणूस विसाव्या मिनिटाला भलत्याच ठिकाणी डोकावतो. अर्ध्या तासाचा प्रत्येक भाग ही एकसंध रचना असते. सुट्या प्रहसनांच्या माळेतील एखादा मणी काढला तरी माळ राहते. येथे मधला एक दुवा काढला की पुढचे सारे निरर्थक होते. ही दृष्टी विशेषतः जोन्स यांची. संकलनाच्या खोलीत ते दिग्दर्शकाच्या शेजारी ठाण मांडून बसत, आणि त्यामुळे मॅकनॉटन यांच्याशी त्यांचे खटकेही उडत.

मालिकेचे चार हप्ते आणि एकूण पंचेचाळीस भाग झाले. तिसऱ्या हप्त्यानंतर क्लीझ बाहेर पडले, चौथा अवघ्या सहा भागांचा झाला, आणि ५ डिसेंबर १९७४ रोजी मालिका संपली.

मात्र तयार झालेली वस्तू टिकेल याची त्या काळी शाश्वती नव्हती. दोन इंच रुंदीच्या चित्रफिती महाग असत आणि पुसून पुन्हा वापरता येत. म्हणून बीबीसीने कितीतरी कार्यक्रम पुसून टाकले. पीटर कुक आणि डडली मूर यांची ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ ही त्या पिढीतील अत्यंत लोकप्रिय मालिका अशीच बहुतांशी नाहीशी झाली. मी फितींचे पैसे भरतो, पण त्या पुसू नका, असे स्वतः कुक यांनी सांगूनही उपयोग झाला नाही. मिलिगन यांच्या ‘क्यू ५’चेही सर्व भाग आज उपलब्ध नाहीत. आपल्याकडे भिजलेल्या, वाळवीने खाल्लेल्या पोथ्यांबद्दल आपण हळहळतो. तेथे एका समृद्ध संस्थेने आपल्याच हाताने, काटकसर म्हणून, हे केले. पायथनच्या फितीही पुसल्या जाणार असल्याची कुणकुण आतल्याच एका माणसाकडून आपणास लागली, आणि मग आपण गुपचूप घरगुती यंत्रावर प्रती करून घेतल्या, अशी हकीकत जोन्स सांगत असत.

अमेरिकेत ही मालिका प्रथम १९७४ साली डॅलसच्या ‘केईआरए’ या सार्वजनिक केंद्राने दाखविली, तीही न कापता, आणि ती लोकांनी उचलून धरली. ते पाहून एबीसी पुढे आली. चौथ्या हप्त्यातील तीन तीन भाग जोडून दीड तासाचे दोन कार्यक्रम करावयाचे ठरले. त्या नव्वद मिनिटांतून चोवीस मिनिटे कापली गेली : काही जाहिरातींसाठी, काही अशिष्ट वाटली म्हणून. पहिला कार्यक्रम ३ ऑक्टोबर १९७५ रोजी दाखविला गेला. मंडळींनी तो नोव्हेंबरच्या अखेरीस पाहिला, आणि दुसरा २६ डिसेंबरला व्हावयाचा होता म्हणून तातडीने दावा लावला.

कात्रीने काय केले याचे एक उदाहरण निकालपत्रातच नमूद आहे. एक सुखवस्तू इंग्रज कुटुंब शब्दांच्या नादाविषयी गप्पा मारीत असते : अमुक शब्द लाकडासारखा भरीव वाजतो, तमुक पत्र्यासारखा पोकळ. बोलता बोलता वडील चावट शब्दांवर घसरतात, तेव्हा आई बादली आणून त्यांच्या डोक्यावर पाणी ओतते, आणि गप्पा पुढे चालू होतात. एबीसीने मधला भाग काढला. परिणामी गृहस्थ एका क्षणी कोरडे ठणठणीत, आणि दुसऱ्या क्षणी नखशिखान्त भिजलेले. का, ते कोणास कळावयाचे नाही. अश्लीलता गेली की नाही हे पाहणाऱ्याने ठरवावे; हसू मात्र निश्चित गेले.

पाठाच्या शुद्धीची ही चाड आपल्या वाचकांस परकी वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो मागाहून घुसलेल्या अपपाठांना कंटाळूनच. त्या ग्रंथाची आणि या प्रहसनांची तुलना मला अभिप्रेत नाही. कर्त्याच्या शब्दाला लावलेला परका हात ओळखण्याची सवय तेवढी समान आहे.

लास्कर यांनी लेखकांची हानी मान्य केली, पण प्रक्षेपण थांबविले नाही. वरिष्ठ न्यायालयाने ३० जून १९७६ रोजी मनाईहुकूम दिला. बीबीसीशी झालेल्या करारात लेखकांना विचारल्यावाचून मोठे फेरफार न करण्याचे बंधन होते. जो अधिकार बीबीसीलाच नव्हता, तो तिच्याकडून हक्क घेणाऱ्यास कोठून मिळणार? शिवाय विद्रूप केलेली कृती मूळ कर्त्याच्या नावावर खपविणे ही फसवणूक होय, असेही न्यायालयाने मानले. त्या वेळी अमेरिकेच्या कायद्यात कर्त्याच्या नैतिक हक्काला स्वतंत्र स्थान नव्हते. आपल्याकडे १९५७ च्या अधिनियमातील कलम ५७ ने ते दिलेले आहे, आणि १९८६ साली हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी आपल्या कादंबरीवरील चित्रपटाविरुद्ध दिल्लीच्या उच्च न्यायालयात त्याचाच आधार घेतला. पायथन मंडळींच्या पदरात मनाईहुकुमाहून मोठी गोष्ट पडली ती नंतरच्या तडजोडीत : मालिकेच्या फितींचे हक्क कालांतराने बीबीसीकडून त्यांच्याकडे आले.

तुटक पाहून निवाडा करण्याचा प्रकार त्यांच्या वाट्यास आणखी एकदा आला. १९७९ साली त्यांचा ‘लाइफ ऑफ ब्रायन’ हा चित्रपट निघाला. येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेल्या आणि लोकांनी चुकून प्रेषित मानलेल्या एका सामान्य माणसाची ती कथा. मूळ कंपनीने भीतीने अंग काढून घेतल्यावर तिला पैसा पुरविला तो बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन यांनी. लंडनजवळील आपली वास्तू १९७३ साली कृष्णभक्तांस देणारे हॅरिसन ते हेच. ट्युनिसियात चित्रीकरण चालू असता मिलिगन योगायोगाने तेथे आले होते. त्यांनाही एक लहानशी भूमिका मिळाली. इंग्लंडात अनेक नगरपालिकांनी चित्रपटास बंदी घातली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बीबीसीवर क्लीझ आणि पेलिन यांचा साउथवर्कचे बिशप मर्व्हिन स्टॉकवुड आणि लेखक माल्कम मगरिज यांच्याशी वाद झाला. त्या दोघांनी चित्रपटाची निंदा केली. परंतु ते खेळास उशिरा पोहोचले होते, आणि ब्रायन आणि येशू या दोन निराळ्या व्यक्ती आहेत हे दाखविणारा आरंभ त्यांनी पाहिलाच नव्हता, असे मागाहून उघडकीस आले. ज्याच्या श्रद्धेला धक्का बसतो त्याला बोलण्याचा अधिकार आहेच, आणि त्या चित्रपटातील काही भाग मलाही रुचत नाही. पण त्यासाठी आरंभापासून बसावे लागते.

चॅपमन १९८९ साली वारले. उरलेले पाच जण २०१४ च्या जुलै महिन्यात लंडनच्या रंगमंचावर दहा रात्री एकत्र आले. २०१९ साली, पन्नास वर्षे पुरी होताना, पंचेचाळीसही भाग चित्र स्वच्छ करून पुन्हा प्रसिद्ध झाले. पुढच्याच जानेवारीत जोन्स गेले. बादलीतील पाण्याचा तो प्रसंग त्या संचात आपल्या जागी आहे.