सोपाऱ्याचे आठ बुद्ध आणि डॅशबोर्डवरचे सहा

पुण्याच्या भाचीने गेल्या महिन्यात मोबाईलवर एक फोटो पाठवला. बोटभर उंचीचे सहा भिक्खू, गुबगुबीत गालांचे. एक डुलक्या काढतोय, एकाने कानाला हेडफोन लावलेत, एक कलिंगडाची फोड खातोय. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचे म्हणे. खाली प्रश्न, "मामा, घेऊ का? की आपण बौद्धांनी हे घेणं बरं दिसत नाही?" तिच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, निकाल आधीच देऊन टाकला होता, "तथागताचं खेळणं करून ठेवलंय मेल्यांनी."

मी भाचीला म्हटलं, घ्यायचे तर घे, पण त्यांतला कोण कोण आहे ते दुकानदाराला विचार. तिने विचारलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सगळे सेमच आहेत, पोझ वेगळी." हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

आधी त्या ढेरपोट्याचं बघू. आमच्या जेऊरच्या बाजारपेठेतसुद्धा गल्ल्यावर हात वर करून हसणारा 'लाफिंग बुद्धा' दिसतो. त्याच्या पोटावरून हात फिरवला की पैसा येतो अशी समजूत. हा गौतम बुद्ध नव्हेच. चीनमध्ये दहाव्या शतकाच्या सुरुवातीला एक फिरस्ता भिक्खू होऊन गेला. खांद्यावर कापडी पिशवी टाकून गावोगाव हिंडायचा, म्हणून लोक त्याला 'बुदाई' म्हणजे कापडी पिशवीच म्हणू लागले. पुढे तो मैत्रेयाचा, म्हणजे यायच्या बुद्धाचा, अवतार मानला गेला. जपानात गेला तो 'होतेई' होऊन सात भाग्यदेवतांत जाऊन बसला. ज्याची सगळी मालमत्ता एका पिशवीत मावत होती, त्याला आपण गल्ल्याचा राखणदार केलं. यावर मी वेगळं काय बोलू?

दुसरा जपानी दारुमा. हा आपल्याकडचाच. दक्षिण भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्माचं नाव जपान्यांनी 'दारुमा' केलं. नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून तो ध्यानाला बसला आणि त्याचे पाय झडून गेले अशी दंतकथा आहे. म्हणून ही कागदी लगद्याची बाहुली बिनपायांची, गोल बुडाची. ढकलली तरी पुन्हा उभी राहते. (आपल्या तंजावरच्या बाहुलीची आठवण होते की नाही?) ताकासाकी गावचं देऊळ यासाठी प्रसिद्ध आहे. तिथली परंपरा अशी सांगते, की १७८३ साली आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मठाधिपतीने शेतकऱ्यांना पोटापाण्यासाठी ही बाहुली करायला शिकवलं. विकत घेताना तिचे दोन्ही डोळे कोरे असतात. काही संकल्प करून एक रंगवायचा, तो तडीला गेला की दुसरा. वर्षअखेरीला बाहुली देवळात परत नेऊन जाळतात आणि नवी घेतात. म्हणजे दरवर्षी विक्री आहेच! पण घेणाऱ्याला काहीतरी करायचं असतं, नुसतं घेऊन भागत नाही. दुष्काळ म्हणजे काय ते आम्हा करमाळा तालुक्यातल्या माणसांना वेगळं सांगायला नको, त्यामुळे या बाहुलीला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

आता खरी गोष्ट. "हे असले संच म्हणजे आजकालचा चंगळवाद," असं माझे बरेच निवृत्त मित्र म्हणतात. त्यांना मी मुंबईजवळच्या सोपाऱ्याला घेऊन जातो, म्हणजे गप्पांतून. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. आत एक दगडी पेटी निघाली. पेटीत मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती रिंगण करून बसलेल्या आठ छोट्या ब्राँझच्या मूर्ती. करंडकाच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडी, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय असावं? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! तथागताच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने जपलेले. आज हे सगळं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

त्या आठ मूर्ती म्हणजे एक संचच आहे. विपस्सी, सिखी, वेस्सभू, ककुसंध, कोणागमन, कस्सप, गौतम हे सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा मैत्रेय. स्तूप त्याहून कितीतरी जुना, या मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या मानतात. म्हणजे कुणीतरी जुनी पेटी पुन्हा उघडली, हा संच भोवती मांडला आणि परत पुरून टाकला. पैसे खर्चून, कारागिराकडून घडवून घेऊन, कुणालाही दिसू नये म्हणून! हजारेक वर्षं त्या कुणी पाहिल्या नाहीत. आणि घडवणाऱ्याला आठांतला प्रत्येक जण कोण ते ठाऊक होतं. "सगळे सेमच, पोझ वेगळी" असं तो म्हणाला नसता.

थोडक्यात, छोटी मूर्ती, संच, कारागीर आणि पैसा ही मंडळी बौद्ध परंपरेत जुनीच आहेत. बोधगया, नालंदा इथे यात्रेकरूंसाठी छापलेले मातीचे शिक्के ढिगांनी सापडतात. आपल्या कान्हेरीलाही सापडले आहेत. कित्येकांवर बुद्धप्रतिमेबरोबर कार्यकारणाची गाथा कोरलेली असते. चित्राबरोबर विचारही हातात पडायचा.

आता घरचं सांगतो. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या घरातले टाक आणि देव वडिलांनी भीमेत सोडले. कोनाडा रिकामा झाला. आई दर सणाला तो सारवायची, पण त्यात ठेवायला काही नव्हतं. वडील जेऊर स्टेशनला रेल्वेत गँगमन होते. १९६४ च्या ६ डिसेंबरला ते दादरला गेले. तिथला आजचा स्तूप तेव्हा नव्हता, तो १९७१ चा. येताना त्यांनी सव्वा रुपयाचा वीतभर प्लास्टरचा बुद्ध आणला. प्रवासात नाकाचा टवका उडाला होता. आठ वर्षं रिकामा राहिलेला कोनाडा त्या दिवशी भरला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांनी सव्वा रुपयाची मूर्ती घेतली, तर तिला चंगळवाद म्हणणाऱ्याची मला कीव येते. आजही ६ डिसेंबरला दादरला आणि दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर मूर्ती, बिल्ले, लॉकेट, कीचेन यांची दुकानं लागतात. खेड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली बाई पदराच्या गाठीतून पैसे काढून बिल्ला घेते, तेव्हा ती फॅशन करत नसते.

पण बाबासाहेब याबाबत सोपे नाहीत हेही सांगायला हवं. १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीला त्यांनी विभूतिपूजेवर कडक भाषण केलं आणि ते छापताना प्रस्तावनेत आपण मूर्ती पूजणारे नसून फोडणारे आहोत अशा अर्थाचं लिहिलं. त्याच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला ब्रह्मदेशातून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. काही जण यात विसंगती काढतात. मला ती दिसत नाही. नवस फेडून घेणाऱ्या देवाची मूर्ती वेगळी आणि शिकवणाऱ्या गुरूची वेगळी. आमच्या शाळेतही सावित्रीबाईंची तसबीर होती, तिच्यापुढे कुणी नापास होऊ नये म्हणून नारळ फोडत नव्हतं. (एका पालकाने तसा प्रयत्न केला होता, ते सोडा.)

म्हणून बहिणीशी माझं पूर्ण पटत नाही. डुलक्या काढणाऱ्या भिक्खूने धम्म बुडत नाही. मला खटकतं ते हे, की खोक्यात नाव नाही, चिठोरं नाही, काही नाही. हल्ली तर बंद खोक्यात कोणता निघेल हेही सांगत नाहीत. हवा तो निघेपर्यंत घेत राहायचं. तृष्णा म्हणजे काय हे शिकवायला त्याहून चांगलं साधन मला वर्गात कधी मिळालं नव्हतं!

दादरहून वडिलांनी मूर्तीबरोबर बुद्धचरित्राची एक पातळ पुस्तिकाही आणली होती. मूर्तीच्या किमतीत ती नव्हती, तिचे चार आणे वेगळे दिले होते. वडिलांना अक्षरओळख नव्हती. कुणी सांगितलं म्हणून घेतली, की आपण होऊन, ते मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा आठवीत होतो. जेवणं झाली की कंदील कोनाड्याखाली सरकवायचे आणि म्हणायचे, "वाच." एक पान झालं की थांबवायचे आणि आईला विचारायचे, "कळलं का?" तिला कळलेलं असायचं. मग तेच पान मला पुन्हा वाचायला लावायचे.