माहीत असलेल्या उत्तराची परीक्षा

केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरणांचे प्रयोग १९३७ साली सुरू केले. रेणूची पहिली ढोबळ त्रिमितीय प्रतिकृती हाती आली ती १९५९ साली. बावीस वर्षे! तीही स्फटिक मिळत होते म्हणून. पुष्कळ प्रथिनांचे चांगले स्फटिक मिळतच नाहीत. मग त्यांचा आकार ओळखायचा कसा?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ती ठरावीक रीतीने दुमडते, आणि माळेत एकमेकांपासून दूर असलेले मणी घडीमध्ये शेजारी येतात. (गाठी मारलेली दोरी घेऊन हे वर्गात दाखवता येईल.) कोणते मणी जवळ आले एवढे कळले, तरी घडीविषयी बरेच अनुमान करता येते.

यासाठी दोन्ही टोकांना आकडे असलेली रासायनिक काठी वापरतात. बीएस-३ या संयुगाची दोन्ही टोके मुख्यतः लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतात. मधली लांबी ११.४ अँगस्ट्रॉम, एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. लायसिनचे स्वतःचे हातही लांब आणि लवचीक असल्याने माळेच्या कण्यांतले अंतर सुमारे २४ अँगस्ट्रॉमपर्यंत असू शकते. मोजपट्टी तशी ढिलीच.

अशी संयुगे १९७०च्या दशकातही वापरात होती. अडचण होती ती आडबंध नेमका कोठे बसला हे शोधण्याची. प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता त्यांचे वस्तुमान मोजणे १९८०च्या दशकाच्या अखेरीस शक्य झाले. या कामाबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका २००२च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. आता प्रथिनाचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तोलायचे. दोन तुकडे काठीने जोडलेले असतील, तर त्यांच्या वस्तुमानांच्या बेरजेत १३८ची भर दिसते. काठीचे एकच टोक चिकटून दुसऱ्याचा पाण्याशी संयोग झाला असेल, तर एकट्या तुकड्यात भर १५६ची. फरक १८, म्हणजे पाण्याचा एक रेणू!

सन २००० मध्ये कॅलिफोर्नियात मलिन यंग, ब्रॅडफर्ड गिब्सन आणि सहकाऱ्यांनी गाईच्या एफजीएफ-२ या प्रथिनावर हा प्रयोग केला. त्यांना १८ आडबंध सापडले. ती अंतरे संगणकाला दिली आणि माहीत असलेल्या घड्यांशी माळ ताडून पाहिली. संगणकाने कुळ बरोबर ओळखले: बीटा-ट्रेफॉइल, बेलाच्या पानासारखी तीन दलांची घडी.

या प्रथिनाची रचना स्फटिकांवरून आधीच ठाऊक होती. मग यात पराक्रम कोणता, असे एखादा विद्यार्थी विचारील. त्याने अवश्य विचारावे. पण नवा तराजू प्रथम माहीत असलेल्या वजनावरच पारखावा लागतो. एवढ्या ढिल्या पट्टीची थोडीशी मापे पुरतील, अशी खात्री तोवर कोणाला होती?

पुढची अडचण गणिताची होती. तुकडे १०० असतील, तर (सारख्याच दोन तुकड्यांची जोडी धरून) शक्य जोड्या ५,०५० होतात. तुकडे दसपट झाले की जोड्या जवळजवळ शंभरपट. त्यासाठी संगणकीय शोधाच्या नव्या पद्धती घडवाव्या लागल्या. २०१० साली युरी रॅपसिल्बर आणि सहकाऱ्यांनी यीस्टमधील आरएनए पॉलिमरेज-२ आणि टीएफआयआयएफ यांचा १५ घटकांचा संकुल अभ्यासला. टीएफआयआयएफ नेमके कोठे बसते हे स्फटिकांनी सांगितले नव्हते; ते या आडबंधांवरून कळले.