अर्नेट
भारतातील शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारे संगणक-जाल. अमेरिकेत १९६९ मध्ये विद्यापीठीय प्रयोगशाळांतून आंतरजालाचा पाया घातला गेला; भारतात ते कार्य अर्नेटने केले. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये हा प्रकल्प हाती घेतला. त्यात आठ केंद्रे सहभागी होती. त्यांपैकी मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र (जुहू) व भारतीय तंत्रविद्या संस्था (पवई) यांच्यात १९८६–८७ मध्ये साध्या दूरध्वनी तारांवरून संगणकीय टपालाची देवाणघेवाण सुरू झाली. सर्वसामान्यांस आंतरजाल १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले; मात्र त्यासाठी लागणारा अनुभव व जाणकार मनुष्यबळ घडविण्यात या संशोधकांचा वाटा मोठा होता.