जॉयस्टिकचा जीर्णोद्धार

डहाणू व तलासरी तालुक्यांतील वारली पाड्यांवर कुडाच्या घराची डागडुजी पाहण्यासारखी असते. कुजलेली कारवी काढून नवी बसवितात, तीवर शेणमातीचा गिलावा चढवितात. आणि तरीही घर आजोबांचेच राहते. जुन्या वस्तूत नवा भाग बसविला असता ती जुनी राहिली की नवी झाली, हा प्रश्न आम्हांस मात्र पडला, आणि तोही एका क्षुल्लक वस्तूपायी. अडगळीत दूरदर्शन संचाला जोडावयाचा एक जुना खेळ सापडला. त्याची दांडी, जिला जॉयस्टिक म्हणतात, ती उजवीकडचा हुकूम देईना. तिला दुरुस्त करावे की तशीच जपावी, ह्याचे उत्तर शोधताना तिचा इतिहास चाळणे प्राप्त झाले.

जॉयस्टिक हा शब्द मूळचा वैमानिकांचा. विसाव्या शतकाच्या आरंभी विमान वळविण्याच्या दांड्यास तो लागला. घरगुती खेळांत तिला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यत्वे अमेरिकेतील अटारी कंपनीच्या १९७७ सालच्या यंत्रामुळे. एक दांडी व एक तांबडे बटन एवढाच तिचा संसार. आत चार दिशांचे चार आणि बटनाचा एक असे पाच संपर्कबिंदू. दांडी कलली की धातूची लहानशी वाटी दबून वीजप्रवाहाची वाट मोकळी होई. तिची नऊ टाचण्यांची जोडणी पुढे इतरांनीही स्वीकारली; म्हणूनच १९८२ च्या कमोडोर ६४ यंत्रासही ती चाले. १९८३ साली जपानातील निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम यंत्राने दांडीऐवजी अंगठ्याने दाबावयाची फुली आणली. त्या यंत्राच्या नकला १९९० नंतरच्या दशकात ‘टीव्ही गेम’ ह्या नावाने आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत शिरल्या. पुढे १९९६ च्या निन्टेंडो ६४ मध्ये दांडी परतली, ती किती कलली हे मोजण्याची शक्ती घेऊन. परंतु प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासून तिचा भुगा होई व ती सैल पडे.

अशा दांड्यांचा जीर्णोद्धार आज तीन रीतींनी होतो. पहिली रीत, जुन्याच घडणीची नवी पट्टी घालणे. दुसरी, ‘टिक्’ असा स्पष्ट आवाज करणारे मायक्रोस्विच बसविणे. तिसरी, चुंबकाच्या साहाय्याने न घासता कल ओळखणारा हॉल-संवेदक वापरणे. ह्यातील मौज अशी की, हा ‘नवा’ भाग ज्या तत्त्वावर चालतो ते एडविन हॉल ह्याने १८७९ सालीच शोधिले होते, आणि सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये ते वापरलेही होते. मात्र नव्या दांडीने पाठविलेले आकडे जुन्या खेळाच्या अपेक्षेशी जुळावे लागतात; न जुळल्यास पडद्यावरील वीर भलत्याच वेगाने धावू लागतो.

येथेच इतिहासाचा प्रश्न उभा राहतो. त्या काळच्या मुलाने जो डाव जिंकिला तो अडखळणाऱ्या दांडीशी झगडून. दांडी निर्दोष केली म्हणजे खेळ वाचतो, पण तो झगडा नाहीसा होतो. आणि पुढची पिढी समजेल की भूतकाळ एवढाच सुलभ होता.

ह्या तालुक्यांस असा पालट अपरिचित नाही. विवाहाचा चौक सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहीत. १९७० नंतरच्या दशकात ती चित्रे कागदावर उतरली, आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) ह्यांच्या हातून जगभर गेली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. भिंत बदलली म्हणून कला तगली, हे खरेच. परंतु त्या जुन्या भिंती लिहिणाऱ्या बहुतेक सवासिनींची नावे कोणी टिपून ठेविली नाहीत, हेही तितकेच खरे. हानी पालटाने होत नाही. पालटाची नोंद न ठेवल्याने होते.

असो. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या येतात. त्यांतील एकीने आम्ही मुंबई सेंट्रल गाठले व लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून नवी पट्टी आणिली. आवाज करणारा मायक्रोस्विच मुद्दामच घेतला नाही. दांडी आता उजवीकडे वळते. झिजलेली पट्टी आम्ही कागदात गुंडाळून, वर तारीख व केलेला फेरफार लिहून, त्याच खोक्यात ठेविली आहे. उद्या कोणास मूळची दांडी कशी होती हे पाहावयाचे झाले, तर त्यास आमच्या शब्दावर विसंबून राहावे लागू नये.